न घडलेला फोटो रंगवायचा कसा: माओ, मुतारी आणि मिलोची लाईन

काय करायचंय ते आधी सांगतो. एक जुना खरा फोटो घ्यायचा, त्यात असा एक माणूस घुसवायचा जो तिथं कधीच नव्हता, आणि सगळं इतक्या सरळ तोंडानं रंगवायचं की बघणाऱ्याला दोन मिनिटं काही खटकूच नये. बस. ऐकायला मोबाईलवरचं पाच मिनिटाचं काम वाटतंय, पोरं दिवसभर तेच करायलेत, पण ऑइल कलरमध्ये हातानं केलं की मामला वेगळा होतो.

आयडिया माझी नाही बरं का. शी शिननिंग म्हणून चिनी चित्रकार आहे, 1969 चा जन्म, लिआओनिंग प्रांतातला, शेनयांगच्या लू शुन कला अकादमीत शिकलेला. हा माणूस माओला उचलतो आणि जगाच्या इतिहासात नको तिथं नेऊन उभा करतो. आता गंमत कळायला एक गोष्ट माहीत पाहिजे, माओ आख्ख्या आयुष्यात देशाबाहेर गेला फक्त दोनदा, 1949 च्या डिसेंबरात आणि 1957 ला, आणि दोन्ही वेळा मॉस्कोलाच. आपल्याकडं एखाद्या म्हातारीनं जन्मात दोनदाच गाव सोडलेलं असतं, दोन्ही वेळा पंढरपूरसाठी, तसं. आणि शी शिननिंगच्या चित्रांत हाच माओ पाश्चात्त्यांच्या बड्या लोकांत असा निवांत वावरतो की जसं काही पासपोर्टवर शिक्क्यांना जागा उरली नाही.

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र 2000-01 चं, नाव आहे ‘चीनमधलं द्युशांचं सिंहावलोकन प्रदर्शन’. मार्सेल द्युशां म्हणजे तो फ्रेंच कलाकार ज्यानं 1917 साली न्यूयॉर्कमध्ये दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं आडवं ठेवलं, त्यावर आर. मट अशी सही ठोकली आणि कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलं. शी शिननिंगच्या चित्रात माओ आणि बरोबरची मंडळी त्या मुतारीपुढं उभी आहेत, आणि माओ तिच्याकडं असा बघतोय जसा कारखान्यातलं नवीन मशीन बघतोय. कोणी हसत नाही, कोणी नाक दाबत नाही, सगळे गंभीर. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आधी आपल्याकडचा कुठल्याही कार्यक्रमाचा उद्घाटनाचा फोटो आठवला, पाहुणे काहीतरी बघतात, काय बघतात ते त्यांनाही माहीत नसतं पण चेहरा मात्र जाणकाराचा.

म्हणून पहिला नियम, माणूस असा घ्या ज्याचा चेहरा लोकांना माहीत आहे. इथं मी स्वतः आपटलोय. पहिल्या झटक्यात मला वाटलं आपल्याकडं दौलताबाद आहे, 1327 ला राजधानी दिल्लीहून इकडं आणणारा आणि काही वर्षांनी परत नेणारा मुहम्मद तुघलक आहे, त्याला एसटी स्टँडवर ट्रंक घेऊन दिल्लीच्या गाडीची वाट बघत उभा करू. आयडिया मस्त होती, आजही मस्तच आहे, पण चित्र काढलं आणि बघायला आलेल्या साडूनं विचारलं की हा कोण, वाजंत्रीवाला का? कारण तुघलकाचा फोटो कोणी बघितलाय? मग मी खाली पाटी लिहिली, पाटी लिहिली म्हणजे जोक समजावून सांगितला, आणि समजावून सांगितलेला जोक म्हणजे थंड झालेली भजी. कॅनव्हासचे पैसे गेले ते वेगळंच.

दुसरा नियम जरा खोल आहे आणि तो मला फार उशिरा कळला. माणूस कुठंही टाकून चालत नाही. शी शिननिंगनं माओला याल्टाच्या बैठकीतही बसवलंय. फेब्रुवारी 1945, क्रिमियातलं याल्टा, चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टॅलिन खुर्च्यांवर बसलेले, तो फोटो शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून आपल्याला पाठ आहे. आता वरवर बघितलं तर चौथा माणूस घुसवला, हाहा. पण त्या बैठकीत काय झालं तर स्टॅलिननं जपानविरुद्ध लढाईत उतरावं म्हणून मांचुरियातली बंदरं आणि रेल्वे यांतले हक्क त्याला द्यायचं ठरलं, आणि ज्याची बंदरं त्या चीनला कोणी विचारलंसुद्धा नाही. माओ तर तेव्हा येनानला, कम्युनिस्टांच्या तळावर, गुहांमध्ये होता आणि सरकार चँग काय-शेकचं होतं. म्हणजे त्या खुर्चीवर माओ बसलेला दिसला की ‘इथं चीनचा कोणीतरी पाहिजे होता की’ हा काटा आपोआप टोचतो. न आलेल्या माणसाची जागा तिथं आधीपासून रिकामी पाहिजे, मगच त्याला बसवायचं.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत एक फोटो होता, बाहत्तरच्या दुष्काळातला. आजोबा रेशनच्या दुकानात तोलाईला होते, दुकानापुढं लाईन, बायकांच्या हातात थैल्या, पोतं फाडून शिवलेल्या, आणि वाटायलेत मिलो. नव्या पोरांना सांगतो, मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिची भाकर थापली की तडकायची आणि जुनी माणसं आजही तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. या लाईनीत कोण नव्हतं? हैदराबादचा निजाम, मीर उस्मान अली खान. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मराठवाड्याचा मुलूख त्याचा, 1937 ला टाईम मासिकानं जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून कव्हरवर छापलेला, आणि 1967 ला वारलेला, म्हणजे बाहत्तर त्यानं बघितलंच नाही. आणि वर कंजूष म्हणून एवढा प्रसिद्ध की जेकब हिरा पेपरवेट म्हणून वापरायचा आणि अंगात चुरगळलेली शेरवानी, असे किस्से आजही सांगतात. असा माणूस स्वतःची थैली घेऊन मिलोच्या लाईनीत, हे बसतंय का नाही? तुघलक विसरलो मी तिथल्या तिथं.

कोणाला घ्यायचं नाही तेही सांगून ठेवतो. देव, संत, महापुरुष, ज्यांच्या तसबिरीला घरात हार असतो त्यांना हात लावू नका, भीतीपोटी म्हणत नाही, त्यांच्याकडं लोक डोळ्यानं बघतच नाहीत, हात जोडून बघतात, तिथं तिरकसपणा पोचत नाही, नुसतं भांडण पोचतं.

आता सामान. रंग फक्त तीन, आयव्हरी ब्लॅक, टायटेनियम व्हाइट आणि बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. काळा आणि पांढरा नुसता मिसळला तर राखाडी निळसर पडतो, मेल्यासारखा, त्यात चिमूटभर अंबर टाकलं की जुन्या फोटोची ऊब येते. पातळ करायला टर्पेंटाइन आणि लिन्सीड ऑइल. लिन्सीड म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपण चटणी खातो ते जवस, पण म्हणून घाण्यावरचं तेल आणू नका, मी आणलं होतं, बायको म्हणाली तुमच्या चित्राला वास चटणीचा येतोय, आणि चित्र पिवळं पडलं ते पडलंच. आर्टच्या दुकानातलं रिफाइंडच घ्या. आणि खालचा थर टर्पेंटाइन जास्त, वरचा थर तेल जास्त, हे उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढं उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात.

काळं-पांढरं का, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या एका पोरीनं विचारला होता, सर रंगीत का नाही, भारी दिसंल की. उत्तराचा अर्धा भाग सोपा, जुना फोटो काळा-पांढरा असतो आणि काळ्या-पांढऱ्यावर आपला विश्वास बसतो. अर्धा भाग चीनमधला आहे. माओनं चालवलेल्या सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत, 1966 ते 76, माओचं चित्र काढायचं तर ते लाल, तेजस्वी, झळाळतं असलं पाहिजे हा दंडकच होता, उजेड त्याच्यावर पडायचा नाही, त्याच्याकडून निघायचा. चेहऱ्यावर थंड करडी छटा लावली म्हणून चित्रकार अडचणीत आलेत. त्यामुळं शी शिननिंगचा करडा, धुरकट, पेपरातल्या कात्रणासारखा माओ चिनी माणसाच्या डोळ्याला मुतारी दिसायच्या आधीच काहीतरी सांगून मोकळा होतो. बाकीचे लोक उलट्या वाटेनं गेले. वांग ग्वांगयी यानं 1990 पासून क्रांतीच्या पोस्टरातले कामगार-शेतकरी तसेच लालभडक ठेवले आणि बाजूला कोका-कोलाचं नाव लिहिलं. युए मिनजुन यानं स्वतःचाच चेहरा, बत्तीशी काढून हसणारा, सगळीकडं छापल्यासारखा रंगवला. दोघंही मोठे, पण मला विचाराल तर वांगचा जोक एकदा बघितला की संपतो, शी शिननिंगचा घरी आल्यावर चालू होतो.

फोटो मोठा करायला चौकटी आखा. पूर्वी भिंतीवर बोर्ड रंगवणारे पेंटर हेच करायचे, आता फ्लेक्स आल्यापासून ती विद्या गेली. माझा फोटो सहा बाय चारचा होता, त्याची झेरॉक्स काढून त्यावर एक-एक इंचाच्या 24 चौकटी, आणि कॅनव्हास चोवीस बाय सोळाचा, त्यावर चार-चार इंचाच्या तेवढ्याच. मग एकेक चौकट बघून काढत जायचं, आणि शक्यतो दोन्ही उलटं धरून, डोकं खाली पाय वर, म्हणजे ‘हे नाक आहे’ असं डोकं सांगत नाही आणि डोळ्याला जे दिसतंय तेच हात काढतो. बाहेरचा माणूस या टप्प्यालाच घुसवायचा, नंतर नाही. नंतर चिकटवलेला माणूस लग्नाच्या फोटोत कडेनं चिकटवलेल्या मयत आजोबासारखा दिसतो.

उंचीचं एक गणित आहे, ते कळलं की निम्मं काम झालं. फोटोवाल्यानं उभं राहून सपाट जमिनीवर फोटो काढला असेल तर उभ्या माणसांची डोकी जवळची असो का लांबची, साधारण एकाच रेषेवर येतात, फक्त पाय वरखाली होतात, लांबच्याचे पाय वर, जवळच्याचे खाली. लाईनीच्या फोटोत पट्टी लावून बघा. तेव्हा नव्या माणसाचं डोकं त्या रेषेवर बसवा आणि पाय कुठं येतात ते लाईनीतला नंबर बघून ठरवा. निजाम ठेंगणा होता म्हणून मी त्याला अर्धा बोट खाली घेतला.

उजेडानं मात्र मला रडवलं. आमच्या फोटोत दुपारचं ऊन, सावल्या आखूड आणि उजवीकडं पडलेल्या, आणि निजामाचा जो फोटो मी नमुन्याला घेतला त्यात उजेड दुसऱ्या बाजूनं. मी हुशारी केली, फोटो आरशासारखा उलटा केला, उजेड जुळला. चार दिवस रंगवलं आणि पाचव्या दिवशी ध्यानात आलं की शेरवानीचा पदर उलट्या बाजूला गेलाय, गुंड्या पण उलट्या. पुसलं, परत काढलं. तर उलटा फोटो वापरणार असाल तर आधी गुंड्या, खिसा, घड्याळाचा हात आणि भांग बघून घ्या.

करडे रंग आधीच कालवून ठेवा, सात छटा, बाटल्यांच्या झाकणात, वरून प्लास्टिक ताणून. रोज नवीन कालवला तर मंगळवारचा करडा आणि बुधवारचा करडा यांचं कधीच पटत नाही. निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा पूर्ण चित्रात एखाद-दोन जागीच, माझ्या चित्रात दुकानाच्या दाराच्या आतला अंधार आणि एका बाईच्या हातातलं पितळी भांडं चमकतं तेवढंच. थोड्या थोड्या वेळानं मागं सरकून डोळे बारीक करून बघा, निजाम वेगळा उठून दिसायला लागला तर कुठंतरी चुकलंय.

आणि बहुतेक वेळा चूक ही असते की ज्याच्यावर आपण सगळ्यात जास्त मेहनत घेतो तो माणूस जास्त रेखीव होतो. बाकी बाया धूसर आणि निजामाच्या मिशीचा केसन् केस दिसतोय, मग कोणी पण ओळखतं. त्यावर उपाय, रंग ओला असतानाच एक कोरडा चपटा ब्रश घ्यायचा, मऊ, आणि सगळ्या कडांवरून एकाच दिशेनं अगदी हलक्या हातानं फिरवायचा, बाळाच्या डोक्यावरून फिरवतो तसा. बाया, पोती, तराजू, निजाम, सगळ्यांना सारखाच. मिशी पुसली जाते, जीव हळहळतो, पुसू द्या.

थापा किती मारायच्या? एक. मला मोह झाला होता की तराजूच्या पारड्यात वजनाच्या जागी जेकब हिरा ठेवावा. ठेवला पण, एक रात्र. सकाळी बघितलं तर चित्र डोळा मारायला लागलेलं. निजाम लाईनीत उभा आहे एवढं खोटं पुरे, बाकी पोत्याची शिवण, तराजूची साखळी, पायातल्या तुटक्या चपला, सगळं खरं पाहिजे, मेहनत तिथं घाला. आणि निजामाच्या तोंडावर काहीच भाव नको. दुःख नको, लाज तर नकोच. लाईनीत उभ्या माणसाचा चेहरा कसा असतो, पुढच्याच्या पाठीकडं बघत, तसा.

नाव देताना पण तेच, पेपरातल्या फोटोखालच्या ओळीसारखं कोरडं द्या. मी दिलं ‘मिलो वाटप, 1972’. निजामाचं नाव नाही.

फॉरवर्ड करायचं असेल तर कॅनव्हासच्या कडा, ईझल, मागची भिंत असं सगळं दिसेल असाच फोटो काढून टाका. नुसतं चित्र कापून टाकलं तर संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरून ‘दुर्मिळ छायाचित्र, निजाम दुष्काळग्रस्तांसोबत’ म्हणून तुमच्याकडंच परत येईल, आणि मग निस्तरत बसा.

झालं की एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा, काही न सांगता. माझी थोरली आत्या बाहत्तरला खडी फोडायला होती, सुकडी खाऊन दिवस काढलेली. तिला आणून बसवलं. बराच वेळ बघत बसली, एका बाईचं लुगडं बघून ही अमक्याची माय दिसायली म्हणाली, मग बोट ठेवलं बरोबर त्याच्यावर.

“कोनंय रे हा म्हातारा?”

“निजाम हाय आत्या.”

“हैदराबादचा?”

“व्हय.”

आत्या परत बघायला लागली. मला वाटलं आता हसंल. “मंग आमच्या पुढं कामून घातलास त्याला?” म्हणाली, “मागं उभा कर की. सकाळधरनं उभ्या हावोत आमी.”

मी त्याला लाईनीत तिसरा उभा केला होता, नुसतं तिथं जागा बरी दिसत होती म्हणून. आता चीनमध्ये हे असलं पुसापुशीचं काम खरोखर झालेलं आहे, चेष्टेत नाही, सरकारी. दोंग शीवेन या चित्रकारानं 1953 ला एक प्रचंड चित्र काढलं होतं, 1 ऑक्टोबर 1949 ला माओ बीजिंगच्या तिआनआनमेन दरवाजाच्या सज्जावरून नव्या राष्ट्राची घोषणा करतोय, मागं सगळे नेते उभे. पुढं गाओ गांग मर्जीतून उतरला, त्याला चित्रातून काढायला लावला. सांस्कृतिक क्रांतीत लिऊ शाओची उतरला, त्याला काढायला लावला. पुढं अजून एक नाव आलं तेव्हा मूळ कॅनव्हासला हात न लावता 1972 ला दुसऱ्या चित्रकारांकडून नवी नक्कलच करून घेतली, आणि माओ गेल्यावर काढलेले लोक परत आत आले. युए मिनजुननं नंतर याच चित्राची आपली आवृत्ती केली, त्यात सज्जा आहे, कंदील आहेत, आणि माणूस एकही नाही.

माझ्याकडं पक्षाचा नाही, आत्याचा हुकूम होता. रंग वरून वाळला होता, आतून ओला. अशा वेळी पॅलेट नाईफ आडवी धरून हळूहळू खरवडायचं, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्यानं पुसायचं, एका जागी घासत बसायचं नाही, नाहीतर खालचा पांढरा प्रायमर निघतो. दोन दिवस वाळू द्यायचं आणि मग त्या जागी मागचं जे काय असेल ते रंगवायचं, माझ्याकडं दुकानाची भिंत होती. निजाम आता लाईनीत शेवटचा आहे, पाय वर सरकले, डोकं त्याच रेषेवर, थैली तीच.

वार्निश सहा महिन्यांशिवाय लावू नका. मी अजून लावलेलं नाही, आणि तिसऱ्या नंबरच्या जागेवर, खिडकीतून तिरपं ऊन आलं की, भिंतीवर त्याच्या तुर्की टोपीचा उंचवटा दिसतो. त्यावर अजून एक हात मारला तर जाईल, पण मारलेला नाही.